फुकटचे अफिलिएट मार्केटिंग कोर्स करावेत का? कोल्हापूरकरांनो, अनुभव सांगा

कळंबा_रोड (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:३५

मंडळी, नमस्कार. माझा मावसभाऊ गेल्या वर्षी बी.कॉम. झाला आणि आता गोकुळ शिरगावला एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला आहे. शिफ्ट ड्युटी, पगार बेताचा, बहिणीचं शिक्षण चालू. शनिवारी दुपारी घरी आला आणि मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, "दादा, तीन दिवसांचा ऑनलाईन कोर्स आहे, अफिलिएट मार्केटिंगचा. फुकट आहे. करू काय?"

त्या पेजवर वर लाल अक्षरांत घड्याळ उलटं पळत होतं. नोंदणी बंद व्हायला १४ मिनिटं ३२ सेकंद. खाली लिहिलेलं, 'फक्त ७ जागा शिल्लक'. पोराचा अंगठा बटणावरच होता. मी म्हटलं, थांब, आधी चहा घे. चहा झाल्यावर पेज बंद करून परत उघडायला लावलं. घड्याळ पुन्हा १५ मिनिटांवर. मग माझ्या मोबाईलवर उघडलं. तिथंही १५ मिनिटं, आणि जागा सातच. तो काही बोलला नाही, नुसता स्क्रीनकडं बघत बसला.

पण 'हे सगळं खोटं आहे, नादाला लागू नको' असं मी त्याला सांगू शकलो नाही. कारण गेली चार वर्षं मी स्वतः हे काम करतोय, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूची लिंक द्यायची आणि विक्री झाली की कमिशन घ्यायचं. आणि जे काही येतं ते फुकटच शिकलोय.

आमची शेती करवीर तालुक्यात, ऊस. बाबांसाठी बॅटरीवरचा फवारणी पंप घेतला होता, १६ लिटरचा, १२ व्होल्ट ८ अँपिअरची बॅटरी. दोन हंगाम वापरल्यावर त्याच्याबद्दल मराठीत लिहिलं. पहिल्या हंगामात एका चार्जिंगवर १८ टाक्या निघायच्या, दुसऱ्या हंगामात ११ वर आल्या. पट्टा उजव्या खांद्याला कुठं काचतो, टाकी पूर्ण भरली की झाकणातून औषध पाठीवर कसं झिरपतं, त्यावर बाबांनी सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून कसा बसवला, हे सगळं फोटोंसह टाकलं. खाली पंपाची लिंक दिली. त्या लिंकवरून कुणी पंप घेतला की मला कमिशन मिळतं.

आता आकडे सांगतो, कारण कोर्सवाले हे आकडे दाखवत नाहीत. गेल्या महिन्यात ते पेज साधारण ११०० जणांनी वाचलं, ९० जणांनी लिंक दाबली, चौघांनी पंप घेतला. मला पाचशेच्या आसपास रुपये सुटले. अशी माझी २२ पेजेस आहेत, आणि सगळी एवढी चालत नाहीत. चांगल्या महिन्यात सहा-सात हजार, वाईट महिन्यात दोन. हे चार वर्षांनंतरचं आहे. पहिल्या आठ महिन्यांत एक रुपया आला नव्हता.

माझं मत आधीच मांडतो. फुकट शिकायला काहीच हरकत नाही. फक्त त्या कोर्समध्ये शेवटी काय विकायला सांगतात ते बघा. पंप, मिक्सर, पुस्तक, काहीही असू दे, पण ज्या कोर्समध्ये विकायची वस्तू म्हणजे तोच कोर्स असतो, तिथं पोरांनी पाय ठेवू नये.

तुम्ही असे फुकटचे कोर्स केले असतील तर सांगा. काय शिकवलं, शेवटी पैसे मागितले का, किती मागितले. कंपनीचं नाव टाकू नका, वाद नको. अनुभव हवाय.

---

शाहूपुरी_गूळ | सोमवार, रात्री १०:०२

दादा, आधी आमच्यासारख्यांना एकदा नीट समजावून सांगा. आमचा धंदा गुळाचा. अडत आणि दलाली आम्हाला कळते. हे त्यातलंच आहे की वेगळं? लिंक माझी होती हे त्या कंपनीला कळतं कसं?

---

कळंबा_रोड (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:२४

काका, दलालीच आहे. फरक एवढाच की गिऱ्हाईक कोण हे आपल्याला कधी कळत नाही.

प्रत्येकाच्या लिंकमध्ये त्याचा एक नंबर असतो. वाचकानं लिंक दाबली की त्याच्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद बसते, तिला कुकी म्हणतात. ती नोंद ठरावीक वेळ टिकते. अमेझॉनची साधारण २४ तास. तेवढ्यात त्यानं खरेदी केली तर कमिशन तुमचं. त्यानं पंप बघितला पण घेतली चादर, तरी चादरीचं कमिशन मिळतं. दोन दिवसांनी येऊन पंप घेतला तर काही नाही. आणि मध्येच त्यानं दुसऱ्या कुणाची लिंक दाबली तर बहुतेक ठिकाणी शेवटची लिंक धरतात.

ही पद्धत आजकालची नाही. अमेझॉनचा हा कार्यक्रम १९९६ साली अमेरिकेत सुरू झाला, तेव्हा ते प्रामुख्यानं पुस्तकं विकायचे. म्हणजे ज्याला आज 'नवीन सिक्रेट' म्हणून विकतात ते माझ्या मावसभावापेक्षा वयानं मोठं आहे.

एक गोष्ट मात्र अडतीपेक्षा फार वेगळी आहे. दर ते ठरवतात आणि तेच बदलतात. एप्रिल २०२० मध्ये अमेझॉननं अमेरिकेत बऱ्याच वस्तूंचे दर एका फटक्यात खाली आणले. फर्निचरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आलं, किराणा मालाचं ५ वरून १ वर. ज्यांचं घर त्यावर चालत होतं त्यांच्याशी बोलायला कुणी आलं नाही. बाजार समितीत निदान आरडाओरडा तरी करता येतो.

---

राजारामपुरी_११वी_गल्ली | सोमवार, रात्री ११:१०

लिहू की नको असा तासभर विचार केला. लिहितोच.

दोन वर्षांपूर्वी मी असाच तीन दिवसांचा फुकटचा वेबिनार, म्हणजे ऑनलाईन वर्ग, केला. पहिला दिवस सगळा त्या माणसाच्या गोष्टीत गेला. आधी तो कसा कर्जात होता, मग गाडी कशी आली, आईला विमानातून कसं नेलं. दुसऱ्या दिवशी 'माइंडसेट'. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला सुरू झालं आणि पावणेबारापर्यंत चाललं. शेवटचे पाऊण तास नुसते पैशाचे. ३५ हजारांचा कोर्स आज रात्रीपुरता ११,९९९ ला. चॅटमध्ये धडाधड नावं यायला लागली, 'पेमेंट डन', 'पेमेंट डन'. मला वाटलं मीच एकटा मागं राहतोय. पत्नीच्या भिशीचे पैसे कपाटात होते. दुसऱ्या दिवशी बँकेत भरतो असं मनाशी म्हटलं आणि क्रेडिट कार्डवरून भरून टाकले.

पैसे भरल्यावर आत ४२ व्हिडिओ होते. लिंक कशी बनवायची हे दोन व्हिडिओंत संपलं. बाकी सगळे हाच कोर्स दुसऱ्याला कसा विकायचा याचे. ओळखीच्या १०० जणांची यादी काढा. स्टेटसला काय टाका. 'बिझी आहे' म्हणाला तर काय बोला. एक कोर्स विकला की अर्ध्याहून जास्त कमिशन मला. मी यादी काढली. पहिलं नाव होतं माझ्या शाळेतल्या मित्राचं, ज्यानं माझ्या वडिलांच्या आजारपणात दोन रात्री दवाखान्यात काढल्या होत्या. त्याला फोन लावला आणि रिंग वाजत असतानाच कट केला.

तिथंच थांबलो. पैसे परत मागितले तर म्हणाले, रिफंडसाठी आधी ३० दिवसांची सगळी 'टास्क' पूर्ण केल्याचा पुरावा द्या. म्हणजे ३० दिवस लोकांना फोन केल्याचा पुरावा. कार्डाचे हप्ते फेडायला मला सात महिने लागले.

दादा, तुमच्या मावसभावाला हे वाचायला द्या.

---

गडहिंग्लजची_लेक | सोमवार, रात्री ११:२८

राजारामपुरी दादा, तुम्ही फोन कट केलात तो क्षण फार मोलाचा आहे. लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

---

बिंदू_चौक | मंगळवार, सकाळी ७:५०

मी वकिलीच्या कामात असतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. हा कायदेशीर सल्ला धरू नका, पण माहिती असू द्या.

माणसं जोडल्याबद्दल पैसे देणाऱ्या योजनांवर आपल्याकडं १९७८ सालापासून बंदी आहे. बक्षीस चिठ्ठ्या आणि पैसे फिरवण्याच्या योजना बंद करणारा केंद्राचा कायदा आहे तो. पुढं डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले. त्यांत पिरॅमिड योजनेला, म्हणजे एकाखाली एक माणसं जोडत जाऊन पैसे कमवायच्या साखळीला, मनाई आहे आणि नुसतं सामील व्हायला प्रवेश फी घेता येत नाही. 'आम्ही कोर्स विकतो, फी नाही घेत' ही पळवाट नेमकी याच जागी शोधलेली असते. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, पण स्वतःला एक प्रश्न विचारा. हा कोर्स पुढं विकायची सोय काढून टाकली, तर नुसत्या शिकण्यासाठी एवढे पैसे कुणी दिले असते का?

फसवणूक झालीय असं वाटलं तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. लाजून गप्प बसू नका. चॅटचे, पेमेंटचे, जाहिरातीचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, कारण ती पेजेस नंतर गायब होतात.

---

गडहिंग्लजची_लेक | मंगळवार, दुपारी २:१५

जेवणं आवरून निवांत लिहायला बसले. माझा अनुभव फुकटच्या बाजूचा आहे आणि तोही सांगायला हवा, नाहीतर हा धागा वाचून पोरीबाळी शिकायचंच सोडून देतील.

धाकटी शाळेत जायला लागल्यावर मी सुरुवात केली. एकही रुपया भरला नाही. गूगलचे स्वतःचे मोफत कोर्स आहेत, स्किलशॉपवर. हबस्पॉट नावाच्या कंपनीच्या अकॅडमीचे आहेत. सर्टिफिकेटही फुकट मिळतं, पण त्याचा उपयोग मला आजवर झालेला नाही. सगळ्यात उपयोगी पडली ती गूगलनंच सर्चबद्दल नवख्यांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका. लोक काय शब्द टाकून शोधतात, पेजला नाव कसं द्यावं, फोटोखाली काय लिहावं, हे त्यात साध्या भाषेत आहे. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरही डिजिटल मार्केटिंगचे वर्ग असतात. तिथं शिकणं फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी.

अडचण एकच, इंग्रजी. मी बारावीपर्यंत मराठी माध्यम. पहिला व्हिडिओ २० मिनिटांचा, मला दीड तास लागला. खालची अक्षरं चालू करायची, थांबवायचं, शब्द वहीत लिहायचा, अर्थ शोधायचा. ती वही अजून आहे. पहिल्या पानावर 'कन्व्हर्जन म्हणजे बघणाऱ्यातून घेणारा होणं' असं लिहिलंय. महिनाभरानं वही लागेनाशी झाली.

मग मी कांदा-लसूण चटणीचे व्हिडिओ करायला लागले. माझ्या लक्षात आलं की पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आपल्या पोरी चटणी करायला घेतात आणि त्यांचा मिक्सर बसतो. इथं आपण कांडपाला नेतो, तिथं डंक कुठून आणणार? म्हणून मी तीन मिक्सरवर सुकं खोबरं आणि भाजलेली मिरची वाटून दाखवली. कुठला गरम होऊन बंद पडला, कुठल्याच्या भांड्याचं झाकण उडालं, सगळं व्हिडिओत ठेवलं. मिक्सरची लिंक खाली दिली. माझ्या सगळ्या व्हिडिओंत कमिशन आणून देणारा तोच एक व्हिडिओ आहे.

हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही. कोर्सनं लिंक लावायला शिकवलं. लोकांचा मिक्सर कशात अडतो हे मला माझ्या नणंदेच्या फोनवरून कळलं.

---

उद्यमनगर_लेथ | मंगळवार, सायंकाळी ६:४०

सगळे फुकटचं कौतुक करतायत, मी थोडं वेगळं बोलतो. राग मानू नका.

मी चार फुकटचे कोर्स सुरू केले आणि एकही पूर्ण केला नाही. दिवसभर वर्कशॉपमध्ये उभं राहून रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघायचा म्हटलं की दहाव्या मिनिटाला झोप. फुकट आहे, उद्या बघू, असं करत वर्ष गेलं. शेवटी इथंच एका माणसाकडं, ओळखीतून, तीन हजार रुपये देऊन शिकलो. आठ रविवार, समोर बसून. माझी वेबसाईट त्याच्यासमोर माझ्या हातानं तयार झाली. चुकलं की तिथल्या तिथं दाखवायचा. हातात काम शिकायला उस्ताद लागतो. लेथवर कुणी व्हिडिओ बघून शिकलंय का? कामगार मशीनपुढं उभा राहतो, उस्ताद हात धरतो, तेव्हा चकती सरळ निघते.

पैसे भरले म्हणून मी रविवारी उठून गेलो. ते तीन हजार वाया गेले असं मी म्हणणार नाही.

---

कळंबा_रोड (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९:०५

लेथदादा, राग कसला, तुमचं म्हणणं पटलं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे राहून गेलं. फुकटच्या शिकण्याला वेळ लागतो आणि मागं लागणारं कुणी नसतं. मला ते जमलं कारण माझी ऑफिसची नोकरी आहे, संध्याकाळी सहानंतर मोकळा असतो. शिफ्ट करणाऱ्या पोराला ते जमेलच असं नाही.

तुमच्या त्या माणसात आणि वेबिनारवाल्यात मला दिसणारा फरक सांगू का? तो इथंच राहतो. त्यानं चुकीचं शिकवलं तर पुढच्या रविवारी तुम्ही त्याच्या दारात उभे राहणार. त्याला तुमच्या वेबसाईटशी मतलब होता. त्यानं तुम्हाला 'आता माझा क्लास दहा जणांना विका' असं सांगितलं नाही.

---

रंकाळा_संध्याकाळ | मंगळवार, रात्री १०:३०

मी नऊ वर्षं याच कामात आहे, पूर्ण वेळ होतो. 'होतो' म्हणतोय.

इंग्रजीत घरगुती उपकरणांच्या परीक्षणांची वेबसाईट होती. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलनं सर्चमध्ये एक मोठा बदल केला, लोकांच्या खऱ्या उपयोगाचा मजकूर वर आणण्यासाठी. माझे वाचक दोन महिन्यांत निम्म्याच्याही खाली आले. मार्च २०२४ मध्ये आणखी एक बदल आला आणि उरलेले गेले. मी त्या वस्तू हातात घेतल्याच नव्हत्या. दहा दुसऱ्या साईट वाचून अकरावी लिहायची, हेच मला कोर्समध्ये शिकवलं होतं आणि अनेक वर्षं ते चाललंही. माझी चूक मला मान्य आहे.

म्हणून नवीन पोरांना एकच विचारायला सांगतो. कोर्स कधी रेकॉर्ड झालाय? २०२१-२२ चे व्हिडिओ आज नवीन मुखपृष्ठ लावून फिरतायत. त्यांत शिकवलेली युक्ती केली तर आज साईट वर येण्याऐवजी खाली जाते. पैसे भरून घेतलेल्यांतही हेच जुनं सामान असतं. फुकटच्या व्हिडिओखाली निदान तारीख तरी दिसते.

गडहिंग्लज ताईंचा तीन मिक्सरचा व्हिडिओ मी पाहिला नाही. पण जे मी केलं नाही ते त्यांनी केलंय. तो टिकेल.

---

चप्पल_लाईन | बुधवार, दुपारी १:२०

आमचं दुकान आहे, तिसरी पिढी. मी विकणाऱ्याच्या बाजूनं बोलतो, ती बाजू इथं कुणी मांडलेली नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्याच मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ मध्ये एका परदेशी ब्रँडनं कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, त्या प्रकरणानंतर तर जो उठतो तो 'असली कोल्हापुरी' म्हणून लिंक टाकतोय. मी त्यातल्या काही उघडून बघितल्या. वर असली लिहिलंय आणि फोटोत खिळे दिसतायत. रेक्झिनचा तळ. आमच्या चपलेत खिळा नसतो हो. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, शिवण चामड्याच्या वादीची. ज्या पोरानं ती लिंक टाकली त्यानं चप्पल कधी हातात धरून वाकवून बघितलेली नाही. गिऱ्हाईक ती घेतं, महिन्यात तळ सुटतो, आणि नाव कुणाचं खराब होतं? कोल्हापूरचं.

ह्या कोर्समध्ये 'वस्तू विकत घेण्याची गरज नाही, बघण्याची गरज नाही, घरबसल्या कमवा' असं शिकवतात. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

पण चांगलं पण सांगतो. पुण्यातली एक मुलगी आमच्याकडं दोन वेळा आली, कापशी आणि पायताण या दोन्ही प्रकारच्या चपला घेऊन गेली, वर्षभर वापरली आणि मग लिहिलं. नवीन चप्पल पहिले आठ दिवस लागते, पट्ट्याला तेल लावायचं, पावसात घालायची नाही, भिजली तर उन्हात न वाळवता सावलीत ठेवायची. मी तिला स्वतःहून एक कोड दिला. तो सांगून कुणी घेतलं तर गिऱ्हाइकाला सूट आणि तिला दहा टक्के. मोठी वेबसाईट मध्ये नाही. दर महिन्याला मी वहीत मांडतो आणि एक तारखेला पाठवतो. तिच्या कोडवरून आलेलं गिऱ्हाईक चप्पल परत करत नाही, कारण ते सगळं माहीत करूनच आलेलं असतं.

कोल्हापुरात अशी किती दुकानं आहेत विचार करा. हुपरीची चांदी, गूळ, मसाले, फेटे. पोरांनी परदेशी कोर्स करण्याआधी दुकानात येऊन विचारलं तर निम्मे दुकानदार हो म्हणतील.

---

शाहूपुरी_गूळ | बुधवार, दुपारी १:४५

मी हो म्हणतो. सेंद्रिय गूळ, एक किलोची ढेप. गुऱ्हाळावर येऊन काहिलीजवळ उभं राहून व्हिडिओ करणारा पाहिजे. गुऱ्हाळं हंगामात चालू असतात तेव्हाच या, बारमाही नसतं ते.

---

जाहिरात_लेखनिक | बुधवार, सायंकाळी ५:१०

एक महत्त्वाचं राहिलंय. लिंकमधून तुम्हाला पैसे मिळतात हे वाचकाला सांगावंच लागतं. जाहिरात मानक परिषदेचे याबद्दलचे नियम २०२१ मध्ये आले आणि ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच्या सूचना काढल्या. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. अमेझॉनच्या करारातही हे सांगण्याची अट आहे. मराठीत लिहीत असाल तर मराठीतच सांगा, वरच्या बाजूला, दिसेल असं. खाली बारीक अक्षरांत 'अफि.' लिहून चालत नाही.

आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतः किंवा घरच्यांसाठी खरेदी करू नका. करारात बसत नाही, खातं बंद होतं. फुकटच्या कोर्समध्ये 'आधी नातेवाइकांना लिंक पाठवा' असं सर्रास सांगतात. माझ्या एका मैत्रिणीचं खातं अशानंच गेलं, साठलेल्या कमिशनसकट.

---

इचलकरंजी_हिशेब | बुधवार, रात्री ८:५५

कराबद्दल थोडक्यात, कारण माझ्याकडं दर जुलैमध्ये दोन-तीन पोरं घाबरून येतात.

कमिशनवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, कापतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ टक्क्यांवरून २ वर आला, आणि वर्षाला किती कमिशनच्या वर टीडीएस कापायचा ती मर्यादा एप्रिल २०२५ पासून १५ हजारांवरून २० हजार झाली. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात, त्यामुळं पॅन आधी भरा. हे उत्पन्न धंद्याचं धरतात. छोट्या धंद्यांसाठीची अंदाजित नफ्याची सोपी योजना कमिशनच्या उत्पन्नाला लागू होत नाही, तेव्हा खर्चाच्या पावत्या ठेवा. डोमेन (वेबसाईटचं नाव), होस्टिंग (वेबसाईट ठेवायची जागा), इंटरनेट, परीक्षणासाठी घेतलेली वस्तू. आपल्याकडं सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. नोकरी करत असाल तर दोन्ही उत्पन्नं रिटर्नमध्ये दाखवा. लपवून उपयोग नाही, टीडीएस कापला की पोर्टलवर दिसतंच.

ज्या कोर्समध्ये यातलं एक वाक्यही नाही, तिथं शिकवणाऱ्यानं स्वतः कधी कमिशनचं रिटर्न भरलं नसेल असं मी समजतो.

---

राजारामपुरी_११वी_गल्ली | बुधवार, रात्री ९:४०

हे सगळं ११,९९९ रुपयांच्या त्या ४२ व्हिडिओंत नव्हतं. कर नाही, नियम नाही, खिळे नाहीत, मिक्सर नाही.

चप्पल लाईनवाले दादा, मी एकदा दुकानात येऊ का? पैशासाठी नाही. कातडं कमावतात ते मला बघायचंय. लिहायला येतं मला थोडंफार, कॉलेजात असताना लिहायचो.

---

चप्पल_लाईन | बुधवार, रात्री ९:५८

या की. सोमवार सोडून कधीही. कातडं कमावायचं काम बघायचं असेल तर आधी फोन करा, मी तिथल्या माणसाला सांगून ठेवतो.

---

शिफ्ट_ए | गुरुवार, दुपारी ३:३०

मी तो मावसभाऊ. दादानं परवा लिंक पाठवली. शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये बसून सगळं वाचलं, राजारामपुरीच्या दादांचं दोनदा वाचलं.

तो वेबिनार मी शनिवारी रात्री केला होता. दादाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी घर, गाडी आणि आईची गोष्ट झाली. दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट होती म्हणून सुटला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, साडेनऊपासून त्यांचे चार फोन आले आणि मी उचलले नाहीत. खरं सांगायचं तर उचलणार होतो. यूपीआय उघडून ठेवलं होतं. तेवढ्यात आई म्हणाली जेव आधी, आणि जेवता जेवता १५ मिनिटांवर परत आलेलं ते घड्याळ आठवलं.

मला पंप, मिक्सर यातलं काही माहीत नाही. पण स्टोअरला असल्यामुळं सेफ्टी शूज आणि हातमोजे मला कळतात. रोज शंभर जणांना वाटतो. कुठल्या बुटाचा तळ मशीन थंड ठेवायच्या कूलंटच्या तेलात दोन महिन्यांत फुगतो, कुठल्याचं टाचेचं शिवण आधी जातं, कुठला साईज छोटा येतो आणि बदलायला परत आणतात, हे सगळं माझ्या रजिस्टरला आहे. कंपनीचं रजिस्टर वापरायचं नाही, ते समजतं मला. पण डोक्यात तर आहेच. एमआयडीसीत कंत्राटी पोरं बूट स्वतःच्या पैशानं घेतात, ती विचारत असतात कुठला घेऊ. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं हीच अवस्था आहे.

ह्यावर लिहिलं तर चालेल का? कुणी वाचेल का?

---

उद्यमनगर_लेथ | गुरुवार, दुपारी ४:०५

भावा, मीच वाचेन. गेल्या वर्षात तीन जोड बदलले. लिही.

---

गडहिंग्लजची_लेक | गुरुवार, दुपारी ४:२०

लिही रे. आणि बुटाचा फुगलेला तळ असेल तर फेकू नकोस, त्याचा फोटो उजेडात काढ, नवीन बुटाशेजारी ठेवून. इंग्रजी अडलं तर माझी वही स्कॅन करून पाठवते.

---

कळंबा_रोड (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ८:१५

शनिवारी मला न सांगता केलंस त्याबद्दल काही बोलत नाही. फोन उचलला नाहीस, बरं केलंस.

या रविवारी तरी तुझी सुट्टी आहे ना? सकाळी नऊला ये. स्वतःचे जुने बूट घेऊन ये, शक्य झालं तर मित्रांचे दोन-तीन जोड मागून आण, कंपनीचं काही आणू नकोस. आपण अंगणात उन्हात मांडून फोटो काढू आणि पहिलं पेज त्याच दिवशी लिहू. डोमेनचे पैसे मी भरतो, पहिल्या कमिशनमधून परत दे. पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर अमेझॉन खातं बंद करू शकतं, म्हणून खातं लगेच काढायचं नाही. आधी दहा पेजेस, मग खातं.

मावशीला सांग जेवायला इकडंच आहेस.